मालधक्क्याचा उमेदवार

समुद्र मी म्हातारपणी पाहिला. तोपर्यंत धक्का म्हटलं की मला एकच ठाऊक होता, पांढुर्ण्याच्या स्टेशनाजवळचा मालधक्का. तिथे पाणी नाही, बोट नाही. रेल्वेच्या डब्याच्या दाराशी भिडेल असा लांबलचक दगडी ओटा, वर पत्रे, आणि त्या पत्र्यांखाली कापसाच्या गठाणी, संत्र्यांच्या करंड्या आणि त्या वाहणारी माणसं. माझे सासरे त्यांतलेच एक, आणि त्या सगळ्यांच्या युनियनचे अध्यक्ष. एका वर्षी ते नगरपालिकेच्या निवडणुकीला उभे राहिले. त्या निवडणुकीनं आमचं घर जेवढं थकलं, तेवढं गठाणी वाहूनही कधी थकलं नव्हतं.

मी सौंसरची. माझे वडील तिथल्या तहसील कचेरीत शिपाई होते. स्वातंत्र्य येऊन थोडीच वर्षं झाली होती तेव्हा माझं लग्न झालं. वडिलांची समजूत अशी की माणसं रेल्वेजवळ राहतात म्हणजे नोकरीही रेल्वेचीच असणार. लग्नानंतर कळलं की रेल्वे डबे आणून उभे करते आणि आमची माणसं ते भरतात नाहीतर रिकामे करतात, यापलीकडे रेल्वेचा आणि आमचा काही संबंध नाही. आईनं यावरून वडिलांना जन्मभर टोचलं. मला मात्र तक्रार करायला सवडच झाली नाही.

वस्तीला हमालपुरा म्हणत. धक्क्यामागच्या पडीक जागेवर मातीच्या भिंतींची, कवेलूंची, म्हणजे कौलांची घरं. जागा सरकारी, घरं आमची. उन्हाळ्यात कोळशाची धूळ आणि हिवाळ्यात कापसाचे तंतू, असं बारा महिने काही ना काही अंगावर बसलेलं. मी येताच नाक मुरडलं होतं. मग सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, मला एकदा सांगितलं, "सूनबाई, डबा कवा लागन याचा काही भरोसा नाही. लागला का लवकर खाली करा लागते, नाहीतं व्यापाऱ्याले रेल्वेचा दंड बसते. तो काही गावभर मानसं हुडकत नाही फिरत. जो जवळ भेटला त्याले काम देते." म्हणजे आमची भाकर अंगातल्या जोरावर होती तशीच राहत्या जागेवरही होती. हे कळल्यावर मी नाक मुरडणं सोडून दिलं.

धक्क्यावर टोळ्या दोन. एक आमची, पांढुर्ण्याची. दुसरी सावरगावची, जाम नदीच्या पलीकडची. ती माणसं सकाळीच नदी ओलांडून येत आणि दिवसभर धक्क्यावरच बसून राहत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत हेच लोक नदीच्या दोन काठांवर उभे राहून एकमेकांना दगड मारत, आणि जखमांना पट्ट्या बांधून पुन्हा एकाच डब्याला भिडत. पण पूर्वी म्हणे धक्क्यावर रोजच गोटमार असे. एखाद्या थप्पीवरून, म्हणजे रचून ठेवलेल्या मालावरून, दोन टोळ्या हातघाईवर येत आणि व्यापारी दोघांनाही हाकलून तिसऱ्यालाच बोलावत.

मामाजींनी युनियन उभारली ती या भांडणातून. त्यांचा नियम साधा होता. हमालाच्या खांद्यावर दुपट्टा असतोच. ज्या टोळीनं थप्पीवर आधी दुपट्टा टाकला, ती थप्पी त्या टोळीची. दुसऱ्यानं तिला हात लावायचा नाही, दुपट्टा उचलायचा नाही, सरकवायचासुद्धा नाही. आमच्या टोळीनं ओळख म्हणून दुपट्टे हळदीच्या रंगात बुडवून घेतले, सावरगावच्यांनी पांढरेच ठेवले. कामं बरोबरीनं वाटून घ्यायची हेही ठरलं होतं, पण लोक मानत ते दुपट्ट्याला. पुढे तर असं झालं की नुसता पिवळा रंग दिसला तरी सावरगावचा माणूस वाट सोडून जाई.

हा नियम किती कडक होता ते मी लग्नानंतर लवकरच पाहिलं. एका दुपारी अवकाळी सर आली. सावरगावची टोळी दुसऱ्या टोकाला डबा भरत होती आणि त्यांचा पांढरा दुपट्टा टाकलेली थप्पी पत्र्याबाहेर भिजत होती. आमच्या ह्यांनी धावत जाऊन काही गठाणी आत ओढल्या. माल वाचला, व्यापारी खूश झाला, सावरगावचे लोकही काही बोलले नाहीत. मामाजी मात्र बोलले. पोटच्या पोराला त्यांनी आठवडाभर कामावरून घरी बसवलं.

"पोरगं भलं कराले गेलं," सासूबाई म्हणाल्या.

"भल्यासाठी मोडला तरी नेम मोडलाच न," मामाजी म्हणाले. "आज पावसासाठी मोडला, उद्या पोटासाठी मोडन."

तो आठवडा मी विसरले नाही. तरणाताठा नवरा दिवसभर घरात, आणि बाहेर धक्क्यावर त्याच्याच बापाचा आवाज. मला मामाजींचा फार राग आला होता. पण त्यानंतर दुपट्ट्याला हात लावायची छाती धक्क्यावर कोणाचीच झाली नाही, हेही खरं.

मग राज्यं नव्यानं आखली गेली. आमचं सगळं मोठं काम नागपूरला चाले. दवाखाना नागपूरचा, लग्नाचा बस्ता नागपूरचा, सोयरीक नागपूरकडची, राजधानीही तीच. ते नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही मध्यप्रदेशात राहिलो. राजधानी भोपाळ. भोपाळ कुठल्या बाजूला आहे हे हमालपुऱ्यात कोणाला सांगता येईना. एक म्हातारा म्हणाला, गाडी इटारसीकडे जाऊन राहिली म्हणजे तिकडंच कुठं तरी असन. ते बरोबर निघालं. कचेरीतले कागद हिंदीत येऊ लागले. मी सौंसरला चार इयत्ता शिकलेली, मराठीवरून अंदाज बांधत ते वस्तीला वाचून दाखवायची. सासूबाईंना या सगळ्याचं काही विशेष वाटलं नाही. "सरकार कुठलंबी येऊ दे, गठाण तेवढीच जड रायते," त्या म्हणाल्या.

त्याच सुमाराला एके दिवशी माझे वडील सौंसरहून मोटारीनं आले. लेकीला भेटायला आलो म्हणाले, पण चहा होईतो त्यांना दम निघेना. नगरपालिकेला धक्क्यामागची जागा कापूस बाजारासाठी हवी होती. तसा अर्ज तहसिलीत आला होता. निवडणुकीनंतर नगरपालिकेची नवी कमिटी बसून तिनं ठराव केला, की लगेच जागा मोकळी करण्याचा हुकूम निघणार होता.

"जागा मोकळी करनं म्हणजे?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हणजे तुमाले उठवनं," वडील म्हणाले. मग आपल्या व्याह्यांकडे, मामाजींकडे पाहून हळूच म्हणाले, "कमिटीत तुमच्याकडून बोलनारा एखादा मानूस असता तं गोष्ट वेगळी होती, इवाई. निवडनूक येऊन राहिली."

वडील परतीच्या मोटारीनं निघून गेले. सरकारी माणूस, त्यांना भीतीही होती. पण ते बोलून गेले आणि आमच्या घरात त्या दिवसापासून दुसरा विषय राहिला नाही. टोळीची माणसं येऊन बसत. तुम्हीच उभे राहा, म्हणत. मामाजींना ते मुळीच नको होतं. अंग दुखे, पाठ वाकली होती, आणि चारचौघांत बोलायचं म्हटलं की त्यांना घाम फुटे. शेवटी ते म्हणाले, "राहातो उभा. पन घरासाठी राहातो. मिरवाले नाही."

समोर उभे राहिले जिनिंगवाले शेठ. बाजार त्यांना हवा होता. त्या काळी प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी असे, पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं, आणि आपली चिठ्ठी आपल्याला हव्या त्या पेटीत टाकायची. शेठना चिन्ह मिळालं सायकल. मोटारीतून खाली न उतरणाऱ्या माणसाला सायकल मिळाली म्हणून धक्क्यावर दोन दिवस हसणं चाललं होतं. मामाजींना शिडी मिळाली. सासूबाई म्हणाल्या, "आपल्या घराले शिडी कायले लागते? उभं राहून हात वर केला का कवेलू लागते हाताले."

प्रचार म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं. दिवसभर ओझी वाहून आलेला माणूस हातपाय धुऊन पुन्हा निघतो, घरोघर हात जोडतो, प्रत्येक घरी नको असलेला चहा पितो, आणि त्याच त्या गोष्टी सांगतो. मी आणि सासूबाई बायकांत फिरायचो. "शिडी, बरं का, शिडी," असं म्हणून म्हणून माझा घसा बसला. आमच्या वॉर्डात नदीपलीकडची सावरगावची काही घरंही धरलेली होती, म्हणून तिकडेही जायचं. नदीतून जायचं, नदीतून यायचं, आल्यावर चूल पेटवायची. मामाजी दाराशी बसून पाय चोळत राहत. कोणी काही विचारलं तर हुंकार देत. एका सभेत विहिरीच्या ओट्यावर त्यांना उभं केलं. "भाऊ हो," असं म्हणून ते दुपट्ट्यानं घाम पुसत राहिले. तेवढ्यात स्टेशनात गाडी आली. "डबा लागला वाट्टे, जातो," म्हणाले आणि खरोखरच उतरून गेले. लोकांनी त्याला टाळ्या वाजवल्या. मला रडू येत होतं.

सासूबाईंनी जामसावळीच्या मारुतीला नवस केला. तिथला मारुती निजलेला. मामाजी म्हणाले, "त्याले तरी निजू दे व." एवढी एकच थट्टा त्यांनी त्या दिवसांत केलेली मला आठवते.

शेठ आमच्याही घरी मत मागायला आले. बाजेवर बसले, सासूबाईंनी दिलेलं पाणी प्यायले. माणूस गोड बोलणारा. "काका, बाजार झाला तं तुमच्याच लोकाईचं काम वाढन," म्हणाले.

"काम वाढन, शेठ. पन आमी राहू कुठं?"

"त्याची काही तरी सोय होऊन जाईन."

काही तरी सोय. हे शब्द ज्यांनी ज्यांनी मला आयुष्यात ऐकवले, त्यांनी सोय कधी केली नाही. आमचं सगळं त्या एका जागेवर होतं, आणि ती राहते की जाते हे शाळेतल्या एका खोलीत, गोणपाटाच्या पडद्याआड ठरायचं होतं.

पण आशा होती, आणि नुसती आशा नव्हती. हमालपुरा पुरा आमचा होता. सावरगावची टोळीही आमची होती. त्यांच्या मुकादमानं, मामाजींच्याच वयाच्या एका म्हाताऱ्यानं, सगळ्यांच्या देखत सांगितलं होतं की आमची एक चिठ्ठी इकडची तिकडं होनार नाही. शहरातली मतं शेठला जाणार, तरी दोन टोळ्या मिळून आम्ही पुढे होतो. आमचे हे बोटांवर हिशेब करत आणि रोज जिंकत.

मतदानाच्या दिवशी मामाजी पहाटेच आंघोळ करून तयार. धुतलेलं धोतर, धुतलेला पिवळा दुपट्टा. शाळा उघडली तेव्हा रांगेत पहिले तेच. चिठ्ठी घेऊन आत गेले, बाहेर आले, आणि तसेच वस्तीत लोकांना बोलवायला निघाले. सकाळी एक डबा लागायचा होता म्हणून सावरगावची टोळी त्याआधीच एकत्र येऊन मत देऊन गेली. आमच्या टोळीचे लोक मागाहून, जसजसे मोकळे झाले तसतसे आले. आम्ही बायका स्वयंपाकपाणी उरकून दुपारी गेलो.

मी रांगेत उभी होते. आतून मतदानाचे साहेब बाहेर आले. परगावचे मास्तर होते, हिंदी बोलणारे. त्यांच्या हातात पिवळा दुपट्टा होता.

"यह गमछा किसका है? पेटी पर कौन छोड़ गया?"

लोक हसले. मामाजी झाडाखाली बसले होते, त्यांनी वर पाहिलं. त्यांचा हात आपल्या खांद्यावर गेला. खांदा रिकामा होता. सकाळपासून तो रिकामा होता आणि त्यांना ते कळलंही नव्हतं. चिठ्ठी टाकली, आणि जन्माच्या सवयीनं दुपट्टा शिडीच्या पेटीवर टाकून ते बाहेर आले होते. आपली वस्तू म्हणून.

मी हसणाऱ्यांत होते. मामाजींचा चेहरा पाहून माझं हसू थांबलं. त्यांना कळलं होतं. ते उठले, साहेबांपाशी गेले आणि विचारलं, "पेटीजवळ चिठ्ठ्या पडून आहेत का, साहेब?"

साहेब जरा चमकले. हो, काही चिठ्ठ्या पेटीवर होत्या, काही खाली भिंतीशी नीट मांडून ठेवलेल्या होत्या. अडाणी लोक आहेत, समजत नाही, असं ते म्हणाले. मामाजींनी त्यांना तिथे उभ्याउभ्या सगळं सांगितलं. दुपट्टा म्हणजे काय, धक्का म्हणजे काय, सावरगावची माणसं त्या पेटीला हात का लावणार नाहीत. इतकं ते साऱ्या प्रचारात बोलले नसतील. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता.

"समझ रहा हूँ, बाबा," ते म्हणाले. "पर जो पर्ची पेटी के बाहर है, वह मत नहीं है। मैं अपने हाथ से नहीं डाल सकता।"

"मंग त्या लोकाईले परत बोलावू का?"

"वे तो मत दे चुके।"

मामाजींनी दुपट्टा घेतला आणि घडी घालून हातात धरला. खांद्यावर टाकला नाही. मी आत जाऊन माझं पहिलं मत शिडीच्या पेटीत टाकलं. ती नुसती लोखंडी पेटी होती. मला वाटत होतं की तिच्याशी भांडावं.

संध्याकाळी दिवेलागणीला सावरगावचा मुकादम आमच्या दारात आला. बरोबर कोणी नव्हतं. त्यानं डोक्यावरचा फेटा सैल केला आणि आतून एक घडी घातलेली चिठ्ठी काढली. दोन्ही हातांनी मामाजींपुढे धरली.

"भाऊ, हे तुमची अमानत. पेटीत टाकता नाही आली. तुमचा दुपट्टा होता तिच्यावर."

"शिडी होती न पेटीवर, दादा," मामाजी म्हणाले. आवाज अगदी शांत होता. "शिडीत टाका म्हटलं होतं न मी."

"शिडी होती, म्या पाह्यली. पन वर पिवळा दुपट्टा. आमाले वाटलं, हे तुमच्या टोळीची पेटी, आमच्यावाली शिडी दुसरी असन. दुसरी तं दिसली नाही. साहेबाले इचारावं तं तो म्हने, पडद्याआड बोलू नोका." म्हाताऱ्यानं फेटा पुन्हा आवळला. "कोनं चिठ्ठी पेटीजवळ ठेवली. दोघाचौघांनी, कुठं तरी टाकाच लागते म्हनून, सायकलीत टाकली. म्या म्हटलं, नाही. म्या आपली जपून आनली. पन दुपट्ट्याले कोनंच हात नाही लावला, भाऊ. एकानंही नाही."

हे शेवटचं वाक्य तो अभिमानानं बोलला. शाबासकीची वाट पाहत तो मामाजींकडे पाहत राहिला. मला वाटलं, आता मामाजी ओरडतील. ओरडावं असं मला फार वाटत होतं. त्यांनी चिठ्ठी घेतली.

"बरं केलं, दादा," ते म्हणाले. "नेम पाळला तुमी."

"उद्या नेऊन देऊ का साहेबाले?"

"राहू द्या. मी पाहातो."

म्हातारा चहा पिऊन गेला. तो नदीकडे वळेपर्यंत सासूबाईंनी तोंड आवरलं, मग त्यांचा बांध फुटला. तुमच्या नेमाले आग लागो, म्हणाल्या. घर बुडवलं त्या फडक्यानं. आयुष्यभर त्याईले शिकवलं, घ्या आता. मामाजी ऐकत बसले. आमचे हे भिंतीला टेकून उभे होते. आठवडाभर घरी बसलेले, तेच ते. ते एकदम हसले, पण ते हसणं मला ऐकवेना.

"बाबा," ते म्हणाले, "टोळीत एखादा तरी नेम मोडनारा ठेवाले पाह्यजे होता."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात मोजणी झाली. शिडी थोडक्या मतांनी पडली. सावरगावच्या निम्म्या चिठ्ठ्या पेटीत असत्या तरी आम्ही आलो असतो. शेठना हार घातले. शेठ स्वतः मामाजींपाशी येऊन त्यांच्या पाया पडले, आणि मामाजींनी त्यांना आशीर्वादही दिला. लोक म्हणत होते, तक्रार करू, सौंसरला जाऊ, पुन्हा मोजायला लावू. मामाजी घरी आले, आंघोळ केली आणि भर दिवसा झोपले. मी त्यांना दिवसा झोपलेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

नवी कमिटी बसली. ठराव झाला. काही दिवसांनी हमालपुऱ्यात हिंदीतली नोटीस आली आणि ती मीच वाचून दाखवली. कुठे जायचं हे त्यात नव्हतं. मी दोनदा वाचलं, कदाचित माझ्याच हिंदीत चूक असेल म्हणून.

घरं सोडायच्या दिवशी सकाळी सावरगावची टोळी आली. कोणी बोलावलं नव्हतं. त्यांनी आमच्या वस्तीतल्या एकेका घरात शिरून सामान बाहेर काढलं. कवेलू उतरवले, एकही फुटू न देता. जातं, बाज, माझी लग्नातली पेटी, सासूबाईंचे रांजण, सगळं पाठीवर घेऊन नदी ओलांडून पलीकडे नेलं. मुकादमानं आपल्या गोठ्याजवळची जागा आम्हाला देऊ केली होती. इतकं निगुतीनं केलेलं काम मी कधी पाहिलं नाही. पाठीवर आमचा रांजण घेऊन तो म्हातारा पाण्यात पाय चाचपत जात होता आणि सासूबाई काठावर उभ्या राहून पाहत होत्या.

"मत टाकता नाही आलं मेल्याईले," त्या म्हणाल्या. "संसार उचलता आला." आणि मग पदर तोंडाला लावून रडल्या. मीही रडले. मला त्या माणसांवर रागावताही येत नव्हतं आणि त्यांना माफही करता येत नव्हतं. आजही तसंच आहे.

सावरगावात चूल मांडून काहीच दिवस झाले असतील. पूर्वीच्या सवयीनं मामाजी धक्क्यावरून घरी येऊन जेवायला बसले होते आणि नदीपलीकडून इंजिनाची शिट्टी आली. ते ताटावरून उठले. ते आणि आमचे हे भराभर निघाले. नदीत दगडांवरून पाय टाकत, पुढे वस्तीची मोडकी जागा ओलांडून ते धक्क्यावर पोचले, तोवर सावरगावची टोळी एका डब्याला लागली होती आणि दुसऱ्या डब्यात शेठच्या ठेकेदारानं आणलेली माणसं चढलेली होती. त्यांच्यासाठी त्या जागेच्या कडेला झोपड्या उभ्या राहू लागल्या होत्या. ठेकेदार काही उर्मटपणे बोलला नाही. "तुमी दूर राहाता, बाबा," म्हणाला. "गाडी किती येळ थांबून ठेवू?" त्यात खोटं काहीच नव्हतं.

दोघे परत आले. मी भाकरी झाकून ठेवली होती. ती गार झाली होती, दुसरी टाकते म्हटलं तर मामाजी नको म्हणाले. सासूबाईंनी काय झालं ते विचारलं.

"दूर पडते आता," ते म्हणाले आणि जेवले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा शिट्टी झाली. आमचे हे उठले, चपला पायात घातल्या आणि दारात थांबून मागे पाहिलं. मामाजी बाजेवर बसून होते.

"तू जाय," ते म्हणाले. "मी नाही येत."